लोखंड घासलं की उतरतं

टूनगॅबीच्या केमिस्टमध्ये वासंतीने सनस्क्रीनबरोबर किडा चावल्यावर लावायच्या जेलची एक ट्यूब बास्केटमध्ये टाकली, आणि चंद्रहासने ती गुपचूप उचलून परत रॅकवर ठेवली. एवढंच झालं. पण माणसाचे ग्रह फिरायला तेवढं पुरतं.

"ती का काढलीस?" वासंतीने पाहिलंच. (नवरा काही गुपचूप करायला गेला की बायकोला आधी दिसतं.)

"अगं, पिकनिकला चाललोय, जंगलात नाही. आणि चावलंच काही, तर लोखंड घासायचं. आमच्या कॉलनीत कुणी कधी ट्यूब आणली नाही."

कॉलनी म्हणजे साखर कारखान्याची. चंद्रहासचे वडील तिथे फिटर होते. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या रसावर गांधीलमाश्या तुटून पडायच्या आणि जाता जाता चंद्रहासलाही प्रसाद द्यायच्या. मग आई कोठीच्या कुलपाची जाड लोखंडी किल्ली घेऊन चावल्या जागी घासत बसायची, आणि सकाळी उठावं तर सूज गायब. त्या किल्लीचा गारवा त्याला अजून आठवायचा.

त्यांच्या मुलीने, मयूराने, ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की ती आता मोबाईलमधून मानही वर न काढता "ओके, बाबा" म्हणायची. हे "ओके, बाबा" चंद्रहासला फार लागायचं. परदेशात येऊन नोकरी, घर, पीआर (म्हणजे कायम राहायचा परवाना), सगळं झालं होतं. आपल्या लहानपणातली एक तरी गोष्ट पोरीला खरी वाटावी, एवढंच राहिलं होतं.

पार्कमध्ये थालीपीठं हाणून तो गवतावर लवंडला आणि त्याने लेमोनेडचा कॅन तोंडाला लावला. कॅनच्या काठावर आधीच एक गांधीलमाशी बसली होती. एवढा मोठा माणूस समोर असताना तिने जागा निवडली ती नेमकी नाकाचा शेंडा.

कळ मस्तकात गेली. पण त्या कळेतही चंद्रहासला आनंद झाला. पुरावा आयता चालून आला होता.

"मयूरा, आता बघ गंमत," तो डोळे पुसत म्हणाला. "जरा लोखंड शोध."

"व्हॉट?"

"आयर्न गं, आयर्न."

आणि मग लक्षात आलं की जगातून लोखंड नाहीसं झालंय. चमचे प्लास्टिकचे, बाक ॲल्युमिनियमचा. गाडीची किल्ली म्हणजे बटणं असलेली प्लास्टिकची वडी. पार्कातल्या सार्वजनिक बार्बेक्यूचा पत्रा स्टेनलेस स्टीलचा (शिवाय तापलेला, आणि त्यावर दुसऱ्याच कुणाचे सॉसेजेस).

"हा स्टीलचा डबा घास ना," वासंती म्हणाली. "स्टीलमध्ये लोखंडच असतं."

"ते शिकलेलं लोखंड. आपल्याला अडाणी लागतं."

अखेर कुंपणाच्या कोपऱ्यात एक जुनं, हिरवा रंग उडालेलं गंजकं फाटक सापडलं. चंद्रहास गुडघे टेकून बसला आणि गजावर नाक घासू लागला. कुत्र्याला फिरवायला आलेले एक गोरे आजोबा थबकले.

"यू राइट, मेट?"

"नो वरीज," चंद्रहास नाक न थांबवता म्हणाला. "ट्रॅडिशनल."

आजोबांनी कुत्र्याचा पट्टा आखडता घेतला आणि वाट बदलली.

"बाबा, इट्स गेटिंग बिगर," मयूराने अहवाल दिला. नाक आता बटाटवड्याएवढं झालं होतं आणि त्यावर गंज आणि हिरवा रंग लागला होता. लोखंड हरत होतं. लोखंडाबरोबर सगळी कॉलनीच खोटी ठरणार, या धास्तीने चंद्रहासने थेट वाईला आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती, आई चहा पीत होती.

"अरे देवा, नाकाला काय केलंस?"

"गांधीलमाशी, आई. तू जरा मयूराला सांग. तू किल्ली घासायचीस आणि सकाळपर्यंत उतरायचं, की नाही?"

"उतरायचं की."

चंद्रहासने मुलीकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"का नाही उतरणार?" आई पुढे म्हणाली. "मी किल्ली घासत बसायचे, तोवर तुझे बाबा अंधारात सायकल काढून गावातल्या दवाखान्यातून मलम आणायचे. ते येईपर्यंत तू रडून रडून झोपलेला असायचास. मग झोपेतच लावायचे."

"आणि किल्ली?"

"ती तू गप्प बसावंस म्हणून. काहीतरी चाललंय असं वाटलं की तू शांत व्हायचास. अजून तसाच आहेस."

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. दिवसभर मशिनं दुरुस्त करून आलेला तो माणूस, ते ग्रीसचे हात, अंधारातला उसाच्या गाड्यांचा रस्ता. एकदाही ते बोलले नाहीत, आणि आपण आयुष्यभर एका किल्लीचे गुण गात राहिलो. चंद्रहासच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी ते नाकामुळे नव्हतं.

"आजोबा वेंट ऑन अ सायकल? इन द डार्क?" मयूराने आपला मोबाईल गवतावर ठेवला होता.

"हो."

"एव्हरी टाइम?"

"एव्हरी टाइम," तिकडून आजीनेच उत्तर दिलं.

मयूरा "ओके, बाबा" म्हणाली नाही. ती बराच वेळ त्याच्या नाकाकडे बघत राहिली.

वासंतीने गाडीची किल्ली उचलली. "मी केमिस्टकडे जाऊन येते. तीच ट्यूब आणते."

गाडी गेली. नाक आता ठणकू लागलं होतं आणि चंद्रहास कण्हायला लागला. मयूराने जरा विचार केला, पिशवीत हात घातला आणि एक चमचा काढून त्याच्या हातात दिला.

"हिअर, बाबा. हे घास. आई येईपर्यंत."

"अगं, हा प्लास्टिकचा आहे."

"आय नो."

चंद्रहासने तक्रार न करता घासायला सुरुवात केली. वासंती ट्यूब घेऊन परतली, तेव्हा तो चमचा मुठीत धरून गवतावर गाढ झोपला होता.