रॉडच्या दुसऱ्या टोकाला

फ्लिपिंगची, म्हणजे गवतातले मासे उपटून काढायची, रॉड कशी निवडावी, या विषयावर गंटर्सव्हिलच्या तळ्याकाठी माझ्याइतक्या अधिकारानं बोलू शकेल असा माणूस आज हयात नाही. हे मी गर्वानं म्हणत नाही. रॉड किती ताठ हवी, शेंडा किती लवायला हवा, पहिला झटका कसा बसायला हवा, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. अंगावर घेतलेलं आहे. फक्त एक बारीकसा तपशील सांगायचा राहिला. हा सगळा अनुभव मी माशाच्या बाजूनं घेतला.

अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. मी मूळचा बर्मिंगहॅमचा, शहरी माणूस, इतिहासाचा शिक्षक. डार्लाशी लग्न करून अलाबामाच्या या टोकाला तिच्या गावी आलो, तोपर्यंत मासा हा प्राणी मी फक्त ताटात पाहिला होता. आणि सासरे मिळाले ओटिस टिडमोर! बास मासा कोणत्या गवताखाली बसलाय हे ज्यांना पाण्याकडे न बघता कळतं, असे गृहस्थ. माझ्याकडे ते अंगणात विसरलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडे बघावं तसं बघत. नावानं त्यांनी मला कधी हाक मारली नाही. ‘मास्तर’ म्हणत. तेही काम असलं तरच.

तीस वर्षं त्यांच्या बोटीत मागच्या खुर्चीवर माझ्या सासूबाई बसल्या. इमोजीन टिडमोर. दोघं पुढे-मागे बसून दिवसभर एक अक्षर न बोलता मासे धरायची, आणि असा सुखी संसार तळ्यावर दुसरा नव्हता म्हणतात. आदल्या वर्षी सासूबाई गेल्या. आम्ही दोघं ओटिसरावांकडेच राहायला आलो. बोट अंगणात तशीच उभी होती. मागच्या खुर्चीवर सासूबाईंची गवती टोपी होती, आणि ती उचलायची कुणाची छाती नव्हती.

वसंतातली मासे धरायची जोडीची स्पर्धा जवळ आली. जोडीची म्हणजे एका बोटीत दोघं हवेतच. गावात एकच विषय, ओटिसच्या मागे कोण बसणार? मला यात विषयच दिसत नव्हता. एकुलता एक जावई घरात असताना दुसरं कोण बसणार!

मी तयारीला लागलो. फ्लिपिंग आणि पिचिंग म्हणजे काय, तर गळ लांब भिरकावायचा नाही. तळ्यावर गवताची दाट गोधडी पसरलेली असते, तिला कुठेतरी भोक असतं, त्या भोकात आमिष अलगद सोडायचं, झोपलेल्या पोराच्या उशीखाली हात घालावा तसं. खाली मासा असतो. त्यानं तोंड लावलं रे लावलं की गवतात गुरफटायच्या आत त्याला उपटून वर काढायचा. म्हणून हात हलका हवा आणि रॉड लोखंडासारखी. याचा सराव इथं सगळे दिवाणखान्यात करतात. समोरच्या भिंतीशी कॉफीचा कप ठेवायचा आणि या भिंतीपासून त्यात दोरीच्या टोकाचं शिसं टाकायचं.

मीही कप ठेवला. पहिल्या दिवशी दिव्याची टोपी गेली. दुसऱ्या दिवशी छताच्या पंख्यानं रॉड धरली आणि मला न विचारता तिच्याशी खेळायला लागला. सासरे आरामखुर्चीत पेपर वाचत असत. पेपर खाली न करता म्हणायचे, “मास्तर, कप तिकडे आहे.”

आणि एका सकाळी चमत्कार झाला! ते स्वतः माझ्यापाशी येऊन म्हणाले, “फर्मनकडे जायचंय. नवी रॉड घ्यायचीय. तू लागशील.”

“कुणासाठी?” मी नव्या नवरीसारखं खाली बघत विचारलं.

“जोडीदारासाठी.”

आता तुम्हीच सांगा, याचा दुसरा काही अर्थ होतो का?

डार्ला तेव्हा घरी नव्हती. पहाटेच तळ्यावर गेली होती. तिला ती सवयच होती. तिला सरप्राइझ द्यायचं ठरवून मी ट्रकमध्ये चढलो.

फर्मनचं दुकान म्हणजे एका बुटक्या छपराखाली गळ, काडतुसं, उकडलेले शेंगदाणे, गळाला लावायचे जिवंत रातकिडे आणि गावातले रिकामटेकडे, हे सगळं एकत्र. छताला असंख्य भोकं होती. पिढ्यान् पिढ्या लोकांनी तिथं रॉड उभ्या करून पाहिल्या होत्या. ओटिसरावांनी एक रॉड उचलली, हलवली, ठेवली. दुसरी उचलली आणि तिची मूठ माझ्या कोपराला लावून पाहिली! सख्ख्या बापानं शाळेचा सदरा घेतानासुद्धा इतकं माप घेतलं नव्हतं.

“शेंडा बरा आहे,” सासरे म्हणाले. “पण जोर कळत नाही. फर्मन, तंगूस लाव.”

“मासा?” फर्मननं विचारलं.

सासऱ्यांनी माझ्याकडे बोट केलं.

मला काही कळायच्या आत फर्मननं माझ्या पट्ट्याला मागून तंगुसाची जाड दोरी बांधली आणि मला दुकानाच्या पार टोकाला, छोट्या माशांच्या हौदापाशी नेऊन उभं केलं.

“उभा काय राहतोस मास्तर? मासा कधी उभा राहतो का?” पलीकडून सासरे ओरडले. “खाली बस! त्या रबरी विजारींच्या मागे लप. ते गवत आहे.”

मी लपलो.

“आता मी ओढलं की पळायचं. उगीच ओळखीचा आहे म्हणून यायचं नाही!”

पहिल्या रॉडला मी जागचा हललो नाही. “मऊ आहे,” सासरे म्हणाले. दुसरीला मी विजारींसकट बाहेर आलो. तिसरीला मी टोप्यांचं कपाट धरून ठेवलं, तर कपाटही आलं. रिकामटेकड्यांची करमणूक सुरू झाली. “मास्तर, डावीकडे वळा की!” “अहो, शेपूट हलवा!” मागच्या बाकावर माझ्या वर्गातल्या एका मुलाचा बाप बसला होता. तो म्हणाला, “पोरगा सांगतो तसा नाहीये हो हा. बराच चपळ आहे!”

शेवटची रॉड ओटिसरावांनी उचलली ती काळी, जाड, हातात धरल्यावर शिव्या देईल अशी. मीही ठरवलं, हीच आपली रॉड, हिला कमीपणा आणायचा नाही. जीव खाऊन पळालो. ओटिसरावांनी मनगट उचललं. माझा पाय हौदाच्या ओल्या फरशीवरून सटकला, हौद कलंडला, आणि मी त्या सगळ्या पाण्यातून, छोट्या माशांच्या लवाजम्यासह, पाठीवर घसरत थेट सासऱ्यांच्या बुटांपाशी येऊन थांबलो.

नेमका त्या क्षणी दार उघडलं आणि ओपलबाई आत आल्या. ओपलबाई चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. आल्या होत्या रातकिडे घ्यायला. त्यांनी पाहिलं ते असं. पाण्यात निपचित पडलेला मी. वर उभे राहून दोरी ओढणारे ओटिसराव. आणि फर्मन म्हणतोय, “सोड आता त्याला ओटिस, संपलाय तो.”

ओपलबाई रातकिडे न घेताच गेल्या.

आता आमच्या चर्चमध्ये एक प्रार्थना-साखळी आहे. कुणावर संकट आलं की पहिलीनं दुसरीला फोन करायचा, दुसरीनं तिसरीला, आणि सगळ्यांनी आपापल्या घरी प्रार्थना करायची. साखळीची पहिली कडी ओपलबाई. त्या खोटं बोलल्या नाहीत, हे मी आजही सांगतो. त्या म्हणाल्या, “मास्तर पाण्यात पडलेत, ओटिस ओढून काढतोय, प्रार्थना करा.” दुसरीला वाटलं, पाण्यात म्हणजे तळ्यात. तिनं आपल्याकडून एवढंच घातलं की मास्तरांना पोहता येत नाही. हेही खरंच होतं. तिसरीनं विचार केला, पोहता येत नाही, ओटिस ओढून काढतोय, म्हणजे काय काढत असणार? आणि तिनं ओव्हन पेटवला.

हे सगळं चाललं असताना आम्ही काय करत होतो? काळी रॉड घेतली, फर्मननं रीळ बसवून टोकाला सरावाचं शिसं बांधून दिलं, आणि माझे कपडे वाळेपर्यंत आम्ही दुकानाबाहेर बसून उकडलेले शेंगदाणे खाल्ले. ओटिसरावांनी सोललेले दाणे माझ्यापुढे सरकवले. इतकं कौटुंबिक मला त्या घरात कधीच वाटलं नव्हतं.

परतलो तर अंगणात मोटारीच मोटारी. हिरवळीवर, फुलांच्या वाफ्यांत, बोटीच्या दोन्ही बाजूंना.

ओटिसरावांनी ट्रक थांबवला, पण हात चाकावरून काढले नाहीत. अंगणात इतक्या मोटारी यापूर्वी एकदाच लागल्या होत्या. आदल्या वर्षी.

“डार्ला तळ्यावर गेलीय,” ते हळूच म्हणाले.

ट्रकची दारं उघडी टाकून आम्ही दोघं मागच्या दारानं स्वयंपाकघरात धावलो. टेबल भरलेलं होतं. चिकन-भात, चीजमधली मॅकरोनी, मसाला भरलेली अंडी, केळ्याचं पुडिंग, आणि प्रत्येक काचेच्या भांड्याला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी. अशी भांडी इथं मयताच्या घरीच येतात हे लहान पोरालाही माहीत असतं. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या चर्चमधल्या एक अनोळखी बाई वाढत होत्या.

ओटिसरावांनी टोपी काढली. “कोण?”

“अहो, डार्लाचा नवरा,” बाई म्हणाल्या. “बुडाला बिचारा.”

ओटिसरावांनी टेबलाचा आधार घेतला, छताकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, “देवा, तुझे लाख लाख उपकार!”

बाईंच्या हातातला डाव खाली पडला.

“सुटलो!” मीही म्हणालो. अगदी मनापासून! आणि मग थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की डार्लाचा नवरा म्हणजे मी.

पण बाईंना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी माझ्या हातात बशी दिली. “खा बाबा. शेजारी वाटतं तुम्ही?”

असा प्रसंग आयुष्यात पुन्हा येत नाही. “जवळचाच,” मी म्हणालो. “माणूस कसा होता म्हणतात?”

“बरा होता म्हणतात,” बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. “शिकलेला होता. पण मासे धरता येत नव्हते हो!”

इतक्यात दिवाणखान्यातून पास्टर लव्हलेस कॉफीचा कप घेऊन आत आले आणि मला बघून जागच्या जागी थिजले. त्यांच्यामागून ओपलबाई. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“जिवंत आहात?”

“हो.”

“मग आधी सांगायचं नाही का? मी एवढी मॅकरोनी केली!”

मी माफी मागितली. आणलेलं भांडं भरलेलं परत न्यायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. त्यामुळे कुणी घरी गेलं नाही. सगळे जेवायला बसले. मयतानं दोनदा वाढून घेतलं.

तेवढ्यात डार्ला आली. चिखलाचे बूट, नाकावर ऊन, अंगाला माशांचा वास. भरलेलं टेबल बघितलं आणि तिचाही चेहरा बापासारखाच पांढरा पडला. “बाबा कुठायत?”

“इथंच आहे मी,” सासरे म्हणाले.

“मग कोण गेलं?”

“मी,” मी हात वर केला.

तिनं माझा कान धरून दोनदा ओढून पाहिला, खुर्चीवर बसली आणि बराच वेळ माझा हात सोडला नाही. मग नाक पुसून बापाला विचारलं, “रॉड कुठली मिळाली?”

ओटिसराव ट्रकपाशी जाऊन ती काळी रॉड घेऊन आले आणि त्यांनी ती डार्लाच्या हातात दिली. “मूठ मास्तरच्या कोपराला लावून बघितली. तुमची उंची एकच.”

डार्लानं बसल्या बसल्या मनगट हलवलं न हलवलं. शिसं स्वयंपाकघर ओलांडून पास्टरच्या हातातल्या कपात उतरलं. कॉफी हललीसुद्धा नाही.

“जोर?” तिनं विचारलं.

“मास्तर मासा झाला होता.”

“मग? कसा होता?”

ओटिसरावांनी विचार केला. “उडी मारत नाही. पण ओढतो इमानानं.”

मग ते अंगणात गेले, मागच्या खुर्चीवरची गवती टोपी उचलली, झटकली, आणि आत येऊन डार्लाच्या डोक्यावर ठेवली. तिला ती जरा मोठी होत होती. मी केळ्याचं पुडिंग घेतलं. कुणीतरी आणलेलं वाया कशाला घालवायचं!

त्यानंतर मी वर्षानुवर्षं मासा झालो. बापलेकींनी माझ्याशिवाय एकही रॉड घेतली नाही. माल आला की फर्मन शाळेत फोन करायचा, “रॉड आल्यात, मासा पाठवा.” दुसऱ्यांचे जावईही आणून पाहिले लोकांनी, पण ओटिसराव मान हलवायचे. “हे येतात नुसते. आमचा ओढतो.” ‘आमचा’ म्हणायचे. आता फर्मन नाही, त्याच्या दुकानात नखं रंगवून देतात. ओटिसरावही गेले. रॉड हल्ली पुठ्ठ्याच्या नळीतून घरपोच येते, आणि माशाचं मत कुणी विचारत नाही. परवा अशीच एक आली. डार्लानं ती हलवून पाहिली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “जरा त्या टोकाला जाऊन उभा राहतोस?” माझ्या गुडघ्यांनी नको म्हटलं. मी गेलो.

ती खुर्ची मला मिळालीच नाही असं मात्र नाही. एक्क्याण्णव साली डार्लाला दिवस गेले होते, तेव्हा ओटिसराव एका शनिवारी माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले, “चल वेंडेल.” नावानं! मी गवती टोपी घालून मागच्या खुर्चीवर बसलो, हातात काळी रॉड, पुढे त्यांची पाठ, समोर धुक्यातलं तळं. अर्ध्या तासात त्यांनी मला धक्क्यावर परत आणून सोडलं.

मला बोट लागते.