हिरामावशीचा काट्यांचा पेपर

आंबिवलीला आम्ही पाच जण एका खोलीत राहायचो. एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्यात स्टोव्ह, आणि उरलेल्या जागेत सगळं खानदान. सातवीत असताना मी एकदा मांजराचं पिल्लू उचलून आणलेलं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते जिथून आणलं तिथं मलाच परत ठेवायला लावलं. "आधी चहाला दूध पुरू दे," एवढंच म्हणाले. त्याच खोलीत अभ्यास करून मी बी.कॉम. झालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे मी कोणी न विचारताही सांगतो. पहिलीपासून शेवटच्या वर्षापर्यंत मी एकदाही नापास झालेलो नाही.

मला नापास केलं ते हिरामावशीनं. उकडलेल्या माशाचे काटे काढण्यात. तेही चार वेळा.

हिरामावशी ठाण्यात बाळकुमला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहते. मी पाचव्या मजल्यावर, ती सातव्या. बिल्डिंग तिच्या जुन्या घराच्या जागेवर उभी आहे, त्यामुळे सेक्रेटरीसकट आम्हा सगळ्यांना ती भाडेकरूच समजते. उभा जन्म तिनं मासळी विकली. गुडघे गेले तशी टोपली सुटली. मग रस्त्यावरची जखमी मांजरं उचलणाऱ्या पोरींचा एक ग्रुप आहे, त्यांनी तिला गाठलं. त्यांच्याकडे आश्रम वगैरे नाही. मांजरं अशीच कोणाकोणाच्या घरी राहतात, बरी होतात, आणि कायमचं घर मिळालं की जातात.

मावशीच्या घरून मात्र ती सहसा जात नाहीत. कारण मावशी देत नाही.

तिच्या मांजरांची नावं कोलंबी, बोंबील, सुरमई. सोफ्यावर ही मंडळी बसतात. मावशी गॅलरीत तिच्या जुन्या पाटावर, आणि मांजर मागायला आलेला माणूस समोर जमिनीवर उकिडवा. त्याला ती 'गिऱ्हाईक' म्हणते.

"मावशी, पर्शियन आहे का एखादी?" एका जोडप्यानं विचारलेलं.

"बर्फातला माल मॉलमदी मिलतो," मावशी म्हणाली. "आमच्याकडं खारीतला ताजा."

ग्रुपचा मोबाइलवर भरायचा लांबलचक फॉर्म आहे. तो भरून झाला की ग्रुपमधली सायली गिऱ्हाइकाला वर घेऊन येते. मावशी फॉर्मकडे बघतही नाही. "हात दाखव," म्हणते. हात उलटेपालटे करून बघते, हुंगते. मग एका ताटलीत उकडलेलं बोईट ठेवते. बोईट म्हणजे खाडीचा, मावशीच्या भाषेत खारीचा, मासा, चवीला गोड आणि काट्यांनी भरलेला. "काटं काढ."

आता यामागं कारण होतं. वाकटी नावाची एक मांजर होती. त्या नावाच्या माशासारखीच लांब, सपाट. गाडीखाली येऊन तिचा जबडा मोडलेला. जोडला, पण वाकडाच राहिला. तिला चावता येत नाही, नुसतं गिळते. एक काटा घशात राहिला तर संपलंच.

आणि मला नेमकी वाकटीच हवी होती. खरं तर आप्पांना. आई गेल्यापासून ते माझ्याकडे आले होते. मी आणि बायको ऑफिसला गेलो की दिवसभर गॅलरीत बसायचे. एकदा लिफ्टमध्ये सायलीच्या पिंजऱ्यात त्यांना वाकटी दिसली. घरी येऊन म्हणाले, "तोंड वाकडं आहे रे तिचं. कोण घेणार तिला?" आप्पा काही मागत नाहीत. हे मागणंच होतं.

मी फॉर्म भरला. शिक्षणाचा रकाना नव्हता, तरी खाली बी.कॉम. लिहिलं.

"राहतोस कुठं?" मावशीनं विचारलं.

"मावशी, दोन मजले खाली! रोज लिफ्टमध्ये भेटतो आपण."

"पुरावा?"

पहिल्या खेपेला माझ्या ताटलीत सात काटे निघाले. दुसऱ्या खेपेला चार. तिसऱ्या खेपेला मी चिमटा घेऊन गेलो, तर तिनं ताटलीच उचलली. चौथ्या खेपेला एकच काटा राहिला. केसाएवढा.

"मावशी, एक तर आहे!"

"तिला मरायला येकच लागतो," मावशी म्हणाली. "बीकॉम हायस ना? मोज."

मी तणतणत घरी आलो. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि चपला घातल्या. चौथी शिकलेला माणूस. वर जाऊन हात धुतले, मावशीसमोर बसले, आणि शेपटीकडून डोक्याकडे अंगठा फिरवत गेले. मग प्रत्येक घास दोन बोटांत पुन्हा दाबून बघितला. मावशीनं ताटली चाचपली. एकदा, दोनदा. काही निघेना.

"कुठं शिकलास रं दादा?"

"तीन पोरं होती," आप्पा म्हणाले. "त्यांची आई कामावर जायची. मीच भरवायचो."

मी लहानपणी आठवड्यातून एकदा तरी मासे खाल्लेत. मासा बिनकाट्याचाच असतो असं मला बरीच वर्षं वाटायचं.

मावशी उठली आणि वाकटीला आप्पांच्या मांडीवर ठेवलं. "घेऊन जावा," म्हणाली आणि आत निघून गेली. निरोप नाही, काही नाही. मला जरा रागच आला.

खाली आल्यावर कळलं, वाकटीचं झोपायचं फडकं वर राहिलं. मी परत गेलो. दार उघडंच होतं. मावशी पाटावर बसलेली, पुढ्यात दुसरं बोईट. काटे काढत होती. कोलंबी, बोंबील, सुरमई सोफ्यावर गाढ झोपलेली. त्यांना काटे काढून लागत नाहीत.

"मावशी, हे कोणासाठी?"

तिनं वर बघितलं नाही. "जेवनाची येल झाली ना तिची," म्हणाली. मग हात थांबले. "माज्या पोराच्या पोरांना पन काढून द्याचे. आता ती तिकडं परदेशात मासलीच खात नाय."

मी फडकं उचललं आणि म्हणालो, "तुमच्या ग्रुपमध्ये मांजर दिलं की घराची तपासणी असते ना?"

"महिन्यानं असते."

"आजच करा. ताटली घेऊन चला."

मावशीनं पदर सारखा केला. "तपासाला तर पायजेच," म्हणाली. "बीकॉमचं घर."

तेव्हापासून ही तपासणी दर रविवारी होते. मावशी बोईट घेऊन येते, आप्पा चहा टाकतात, आणि दोघं काटे काढत माझ्या चुका काढतात. चहाला दूध पुरतं. वाकटीलाही.

गेल्या रविवारी माझी पाचवी खेप झाली. मावशीनं माझी ताटली चाचपली, मग आप्पांनी चाचपली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि ताटली वाकटीपुढे ठेवली. वाकटीनं वाकड्या तोंडानं सगळं संपवलं.

मी पास झालो.