एक जूनचे अप्पा

आमच्या गावातल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला येतो. ही करामत एकट्या काशिनाथअप्पांची. सिरसाळ्याच्या अलीकडं असलेल्या आमच्या गावात ते आयुष्यभर शाळेचे हेडमास्तर होते. कुणी पोराला शाळेत घालायला आणलं की ते जन्मतारीख विचारायचे. आई सांगायची, "ज्वारी काढणीला आलती तवा." मग ज्वारीचा माग काढत बसण्यापेक्षा अप्पा एक जून लिहून मोकळे व्हायचे. मला आणि धाकट्या भावाला आईनं एकाच दिवशी शाळेत घातलं, म्हणून आम्ही कागदोपत्री जुळे आहोत.

निवृत्तीनंतर अप्पांना उपरती झाली. शाळेचा इतिहास लिहायचा आणि त्यात खरं तेवढंच लिहायचं, असं त्यांनी मनावर घेतलं. तेव्हापासून ते गावाच्या मागे हात धुऊन लागले. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा सवाल ठरलेला, "पुरावा काय बे?"

शाळा सुरुवातीला लिंबाखाली भरायची असं एक म्हातारा म्हणाला. दुसरा म्हणाला, मारुतीच्या देवळात. अप्पांनी दोघांना समोरासमोर बसवून तीन दिवस जबाब घेतले. शेवटी लिहिलं, 'शाळा लिंबाखाली भरे व ऊन चढल्यावर देवळात जाई.' दोघंही म्हातारे नाराज झाले आणि अप्पांना वाटलं, आता लिखाण निष्पक्ष झालं.

उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला की बायांची झुंबड उडायची. अप्पा वही घेऊन त्या गर्दीत शिरायचे. "मावशे, तू तिसरीतून साळा कावून सोडलीस?" मावशी म्हणायची, "आधी घागर भरू द्या की अप्पा." तोवर टँकर रिकामा व्हायचा आणि शिव्या टँकरवाल्याला आणि अप्पांनाही बसायच्या.

यंदा शाळेचा पट नऊवर आला आणि शाळा बंद करायचा कागद निघाला. पोरं सिरसाळ्याच्या शाळेत जाणार होती. गावच्याच शाळेत शिकून मी आता तिथंच मास्तर आहे, म्हणून हा कागद गावाला वाचून दाखवायची पाळी माझ्यावर आली. तो ऐकून माणसं आपापल्या कामाला गेली. तेच मला जास्त लागलं. शेवटच्या दिवशी अप्पांचा इतिहास सगळ्यांसमोर वाचायचा, एवढं मात्र आम्ही ठरवलं.

अप्पांनी वही दिली. मोत्यासारखं अक्षर, सगळी वर्षं ओळीनं. फक्त एका दुष्काळाच्या वर्षाचं पान कोरं होतं.

"अप्पा, हे ऱ्हायलं का?"

"ऱ्हायलं न्हाई. जमंना."

त्यांनी शाळेच्या कपाटातून त्या वर्षीचं हजेरीपत्रक काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. त्या साली दसरा झाला आणि निम्मं गाव सहकारी कारखान्यांचा ऊस तोडायला पश्चिमेकडं गेलं. लेकरंही सोबत गेली. वर्ग ओस पडले. पट पडला तर शाळा मोडेल या भीतीनं अप्पांनी गेलेल्या पोरांची हजेरी रोज लावली. त्यात चौथीतली गोदा होती. पौषात ती उसाच्या फडावर तापानं गेली. आईबाप पाडव्याला परतले तेव्हा गावाला कळलं. मी तेव्हा दुसरीत होतो, मला ती आठवते.

"मेल्या लेकराला मी अडीच महिने हजर लावलं," अप्पा म्हणाले. "खरं लिहावं, तर तिची माय अजून हाय. न्हाई लिहावं, तर सगळा इतिहास खोटा."

गोदाची माय म्हणजे रुक्मिणबाई, आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी. वर्षानुवर्षं अप्पा तिच्यासमोरून जायचे आणि मान खाली घालायचे. मला वाटायचं, हा म्हाताऱ्याचा तऱ्हेवाईकपणा.

शेवटच्या दिवशी सकाळी अप्पा हजेरीपत्रक घेऊन चुलीपाशी गेले. मी सोबत होतो. त्यांनी तिला सगळं सांगितलं. "तू म्हनशील तसं लिहितो," ते म्हणाले.

रुक्मिणबाईला वाचता येत नाही. तिनं हात पदराला पुसले. "दावा मला."

अप्पांनी तिचं बोट धरून गोदाच्या ओळीवर ठेवलं आणि हजेरीच्या बारीक रेघांवरून सावकाश पुढं नेलं. पानं उलटत पाडव्यापाशी ओळ संपली तिथं ती थांबली.

"मंजी पाडव्यापस्तोर ती साळंत व्हती?"

"कागदावर, बाई. नुसतं कागदावर."

"मग खोडू नका." तिनं बोट तिथंच ठेवलं. "फडावर तिला थंडी लई वाजायची. हितं भिंती हायेत."

अप्पा तिथंच जमिनीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मलाही आवरलं नाही.

दुपारी मी इतिहास वाचला, ते कोरं पान सोडून. नंतर शाळेचं दप्तर सिरसाळ्याला न्यायला टेम्पो आला. गठ्ठे चढवताना रुक्मिणबाईनं विचारलं, "तिचं कंच्या गठ्ठ्यात हाय?" अप्पांनी दाखवलं. टेम्पो हलेपर्यंत ती त्यावर हात ठेवून उभी होती.