सलूनवाल्याचा टोमॅटो

"जावईबापूंच्या हाताला नुसतं कापायचं ठाऊक. त्या हातानं काही वाढलंय, असं ऐकिवात नाही," असं सासरे चारचौघांत बोलले आणि सलूनवाल्याला ते फार लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं टोमॅटोचं रोप आणून गॅलरीतल्या कुंडीत लावलं. तीन महिन्यांनी सासरे मुक्कामाला यायचे होते. तेव्हा त्यांच्या ताटात घरचा टोमॅटो पडलाच पाहिजे, अशी त्यानं बायकोसमोर प्रतिज्ञा केली. (बायको फोनवर बोलत होती, पण प्रतिज्ञा ती प्रतिज्ञा.)

रोप तरारलं. नर्सरीवाला म्हणाला, "पानांच्या बगलेत फुटवे येतील, तेवढे खुडत जा."

खुडायला बोटं पुरतात; पण याचा हात वीस वर्षं कात्रीत गेलेला. त्यानं कंगवाही घेतला. डावीकडचे फुटवे काढले, तर उजवी बाजू जड दिसायला लागली. उजवी उतरवली, तर डावी. गिऱ्हाईक निदान "बस झालं" म्हणतं. झाड बिचारं काय बोलणार? तासाभरात रोप लष्करात भरती होण्याजोगं झालं.

"अहो, हे पिवळं काय पडलंय खाली?" बायकोनं विचारलं.

"बाहेर आलं होतं. लेव्हलमध्ये घेतलं."

"ती फुलं होती!"



नशिबानं कात्री न पोचलेल्या जागी एक फूल वाचलं होतं. त्याचा टोमॅटो धरला, वाढला, कठड्याबाहेर झुकून लालही झाला. बायकोनं घरात कात्री आणायला बंदी घातली.

सासरे यायच्या सकाळी टोमॅटोसमोर एक वाळकं पान लोंबताना दिसलं आणि त्याचे हात शिवशिवले. खिशात मिशीची छोटी कात्री होती. (तिला कात्री म्हणत नाहीत, असं त्याचं मत.) पान उडालं, मागचा देठही उडाला आणि टोमॅटो चार मजले खाली गेला. सिमेंटवर त्याचं जे झालं, ते सांगवत नाही.

सासरे आले ते थेट गॅलरीत. त्यांनी कुंडी सगळ्या बाजूंनी न्याहाळली, मग कठड्यावरून वाकून खालचा लाल डाग पाहिला. सलूनवाला मान खाली घालून उभा होता.

"कापलं कुणी?"

"मीच."

सासऱ्यांनी टोपी काढली आणि स्टुलावर बसून लेकीकडे टॉवेल मागितला.

"माझंही अगदी असंच करा, जावईबापू. फक्त कान तेवढे जागेवर राहू द्या."