खुल्या शेवटाचा सिनेमा

मुलांनो, अशी कल्पना करा, की कतारमधल्या दोहा शहरात, फरीज बिन ओमरान वस्तीत, मजीदभाईंच्या घरी तुम्ही सोफ्यावर बसला आहात. साल दोन हजार सहा. शुक्रवारची दुपार आहे आणि चित्रपट आस्वाद मंडळाने नियमानुसार एक इराणी कौटुंबिक सिनेमा डीव्हीडीवर नुकताच पाहून संपवला आहे.

सिनेमात एक बाप स्वतःची चूक लपवायला मुलीला खोटं बोलायला सांगतो. तिच्या एका शब्दावर एका गरीब माणसाची नोकरी अवलंबून असते. ती तोंड उघडते, आणि सिनेमा संपतो.

"इथे कोणी खलनायकच नाही," अध्यक्ष या नात्याने मजीदभाई म्हणाले. "प्रत्येकाचं आपापलं सत्य."

"फार गुंतागुंत आहे हो," मंडळाच्या सभासद हिल्डाबाई डोळे पुसत म्हणाल्या. सिनेमा गुंतागुंतीचा असल्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

"पण अब्बा, ती शेवटी बोलली काय?" मजीदभाईंच्या आठ वर्षांच्या नूरैनने विचारलं.

"बेटा, मोठी कला उत्तर देत नसते."

मग मजीदभाई समोसे आणायला खाली उतरले. गाडी मागे घेताना त्यांनी इमारतीचं हिरवं गेट बिजागऱ्यांसकट आडवं केलं. सगळ्या मंडळाने ते बाल्कनीतून पाहिलं. तुम्हीही पाहिलंत. परत आल्यावर त्यांनी गाडी आयुष्यात पहिल्यांदाच भिंतीला पाठ टेकवून उभी केली, आणि समोसे व किल्ली टीपॉयवर ठेवली.

अर्ध्या तासाने इमारतीच्या मालकाचा माणूस वर आला. सोबत वॉचमन इनायत होता, मान खाली घालून.

"इसने ध्यान नहीं रखा. खलास, कल इसका मुल्क वापसी का टिकट," माणूस म्हणाला. "ये बोलता है, नमाज को गया था, किसी गाडी ने ठोका. आप लोगों ने कुछ देखा?"

मंडळाने चर्चा सुरू केली.

"पाहिलं म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवावं लागेल," दुसरे सभासद ग्रेगरी म्हणाले.

"इनायतची एक बाजू आहे," हिल्डाबाई म्हणाल्या, "तशी गेटचीही असणारच की."

"घाईने निवाडा करणं बरं नव्हे," मजीदभाईंनी समारोप केला.

या सगळ्याचं हिंदी भाषांतर "कह नहीं सकते" असं करण्यात आलं. इनायतबद्दल सहानुभूतीचा ठराव झाला आणि त्याला एक समोसा देण्यात आला. तो त्याने तसाच हातात धरून ठेवला. "साब, घर में दो बेटियाँ स्कूल में हैं," तो हळूच म्हणाला. हिल्डाबाईंनी पुन्हा डोळे पुसले.

माणसाने मग एकेकाला वेगळं विचारलं. तुम्हालाही विचारलं. तुमच्या तोंडात समोसा होता.

शेवटी तो नूरैनसमोर वाकला. "बेबी, तूने देखा?"

मजीदभाईंनी लेकीकडे पाहिलं, अगदी सिनेमातल्या बापासारखं. सगळं मंडळ श्वास रोखून पुढे सरकलं. असा शेवट समोर बसून पाहायला मिळणं भाग्याचंच.

टीपॉयवरची किल्ली उचलून नूरैनने त्या माणसाच्या हातात ठेवली.

"अंकल," ती म्हणाली, "हमारी गाडी थोडी आगे लेके देखो."