अकराच्या विमानाचे कंट्रोलर

जालना जिल्ह्यातल्या आमच्या मंठ्यावरून विमान गेलं की साळवे कंट्रोलर अंगणात येतात, मान वर करतात, मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात आणि बसस्थानकातल्या कर्ण्यावर बोलावं तशा आवाजात जाहीर करतात, "दिल्लीहून हैदराबादकडे जाणारी गाडी सात मिनिटं उशिरा धावून राह्यली. परवाशांनी नोंद घ्यावी."

गल्लीत त्या वेळी नोंद घ्यायला मी असते, दोरीवर कपडे वाळत घालत, आणि समोरच्या ओट्यावर एक शेळी.

मी इथल्या शाळेत भूगोल शिकवते. साळवे माझे शेजारी. एस.टी.त ते वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, किती वाजता सुटणार, कुठं खोळंबली, हे सगळं त्यांच्या खिडकीतून ठरायचं. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गाव त्यांना कंट्रोलरच म्हणतं. विमानाला मात्र ते विमान म्हणत नाहीत. गाडी म्हणतात. वैमानिक हा 'डायवर', विमानतळ हे 'स्टँड', आणि रात्री थांबून पहाटे सुटणारं विमान 'मुक्कामी'. एकदा धुक्यामुळे कुठलंसं विमान भलत्याच शहरात उतरवल्याची बातमी टीव्हीवर लागली. कंट्रोलरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आमच्या वेळंला असं झालं असतं तर डायवरला लेखी खुलासा मागितला असता."

हा माणूस आयुष्यात एकदाही विमानात बसलेला नाही. पण देशात कुठून कुठं नवीन मार्ग सुरू झाला, कुठल्या कंपनीनं कुणाच्या पोटावर पाय देऊन आपलं विमान पुढं घातलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. कंपन्यांची नावं ते घेत नाहीत. शेपटीच्या रंगावरून ओळखतात. आमच्याकडच्या गोष्टीत दोनच रंग येतात, जांभळी आणि हिरवी.

जांभळीनं संभाजीनगरहून हैदराबादला विमान सुरू केलं तेव्हा कंट्रोलरांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. आमच्या भागातली अर्धी नाती निजामाच्या काळापासून हैदराबादकडची आहेत. दवाखान्याला, शिकायला, कामाला माणसं तिकडे जातात, जालन्याचे बियाणेवाले तर सारखेच. विमान सुटायचं सकाळी सहा चाळीसला. चार महिन्यांनी हिरवीनं त्याच मार्गावर सहा तीसला विमान लावलं, तेही जरा स्वस्तात. कंट्रोलर पेपर घेऊन माझ्याकडे आले.

"बाई, हे वडापवाल्याचं काम हाय. आपली गाडी नऊला असली की तो पावणेनऊला जीप लावायचा. बिलकुल तसंच."

आणि झालं तसंच. दोन्ही विमानं अर्धी रिकामी जाऊ लागली. उन्हाळ्याच्या तोंडावर बातमी आली की जांभळी हा मार्ग बंद करण्याच्या विचारात आहे, कारण प्रवासीच नाहीत.

त्या दिवशी कंट्रोलर जेवले नाहीत. संध्याकाळी पाठकोरे कागद घेऊन माझ्या दारात उभे. "बाई, पत्र लिवायचंय. तुम्ही शुद्ध लिवा, मी खरं सांगतो."

त्यांचं म्हणणं साधं होतं. मंठ्याहून पहिली एस.टी. विमानतळाच्या दारात पोचते नऊच्या सुमाराला. परतूर, भोकरदन, जाफराबाद, सगळीकडे तीच गत. मग सहा चाळीसच्या विमानात आमच्याकडचा माणूस बसणार कसा? "परवाशी खोटं बोलत न्हाई, टायमटेबल खोटं बोलतं," ते म्हणाले. "माणूस पोचायच्या आत गाडी काढायची, आन् मंग म्हणायचं माणूस आला न्हाई." मी पत्रात 'विमान' लिहिलं की ते खोडून 'गाडी' करायला लावायचे. शेवटी मी हरले. कंपनीच्या मुख्य कार्यालयाला 'आपली गाडी क्रमांक अमुक' अशीच पत्रं गेली. एक नाही, सात. उत्तर एकाचंही आलं नाही.

दुसरा कुणी गप्प बसला असता. कंट्रोलरांनी एक जाडजूड वही आणली आणि जालना स्टेशनवर हैदराबादकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वेळेला जाऊन उभे राहू लागले. प्रत्येकाला तेच प्रश्न: गाव कोणतं, कशाला निघालात, वर्षातून किती खेपा, आणि विमानतळावर किती वाजेपर्यंत पोचू शकाल. रविवारी वंदना झाली की विहाराबाहेर वही उघडायची. आठवडी बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेत उघडायची. सुट्टीच्या दिवशी मलाही ते पिंपळगाव रेणुकाईला आणि हसनाबादला घेऊन गेले. हसनाबादला एका मेंढपाळानं सगळे प्रश्न शांतपणे ऐकले आणि विचारलं, "मेंढरं घेत्यात का?" मला हसू आवरेना. कंट्रोलरांनी मात्र गंभीरपणे लिहिलं, 'एक प्रवासी. सामानाची अडचण.'

वही भरत आली आणि तेवढ्यात संधी चालून आली. जालन्याच्या व्यापाऱ्यांनी जांभळी कंपनीच्या अधिकाऱ्यांना चर्चेला बोलावलं. दिल्लीकडच्या एक तरुण बाई आल्या. नवे मार्ग ठरवणं हेच त्यांचं काम. पुढच्या रांगेत बियाण्यांचे आणि लोखंडाचे मोठे व्यापारी, शेवटच्या रांगेत आम्ही दोघं. बाईंनी पडद्यावर रंगीत आलेख दाखवले आणि हिंदीत सांगितलं की या भागात मागणीच नाही.

कंट्रोलर उठले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत वही. आमच्याकडची हिंदी त्यांनी जशीच्या तशी सोडली.

"मॅडम, पॅसेंजर है. टाइम न्हई है."

सभागृहात हशा झाला. ते थांबले नाहीत. चालत पुढं गेले, वही टेबलावर उघडली आणि एकेक पान उलटत बोलू लागले. हा माणूस मंठ्याचा, वर्षात चार खेपा, नऊच्या आधी पोचू शकत नाही. ही बाई भोकरदनची, मुलगी तिकडे शिकते, साडेनऊ. हे बियाण्याचे दुकानदार, इथंच पहिल्या रांगेत बसलेत, पहाटे तीनला उठायचा कंटाळा म्हणून रेल्वेनं जातात. पहिल्या रांगेतला तो गृहस्थ ओशाळून हसला आणि त्यानं मान डोलावली.

"मंठा लाइन पे मेरे को जीपवाला ऐसाच सताया था," कंट्रोलर म्हणाले. "उसके साथ सुबह में झगडा नै किया मैं. कॉलेज छूटने का टाइम पकडा. वो खाली फिरता रहा, मेरी गाडी भरके गई. हरी गाडी को सहा बजे जाने दो मॅडम. वो शहर का आदमी लेगी. तुम ग्यारा को निकालो, सारा जिला तुम्हारा."

'सहा' आणि 'ग्यारा' एकाच दमात. पण आता कुणी हसत नव्हतं. त्या बाई खुर्चीतून उठल्या, टेबलाला वळसा घालून कंट्रोलरांच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि स्वतः पानं उलटू लागल्या. बराच वेळ. मग त्यांनी विचारलं, "सर, यह सर्वे किस एजन्सी ने किया?"

"हम दो जन," कंट्रोलर म्हणाले आणि शेवटच्या रांगेकडे बोट दाखवलं. "ये बाई भूगोल पढाते."

बावीस वर्षं शिकवते मी. माझ्या विषयाचं नाव इतक्या ताठ मानेनं कुणी घेतलेलं मला आठवत नाही.

दिवाळीच्या वेळापत्रकात जांभळीचं हैदराबाद विमान अकरा दहाला गेलं. महिन्याभरात ते भरून जायला लागलं. उन्हाळ्यात हिरवीनंही दुपारचं एक विमान सुरू करायची परवानगी मागितली. आता कंट्रोलर चिडतील असं मला वाटलं, पण ते खूश होते. "नक्कल झाली म्हंजे टाइम बराबर व्हता." मंठ्यात कुणीही हैदराबादला निघालं की लोक म्हणतात, कंट्रोलरच्या गाडीनं चाललाय. गावानं सत्कार ठरवला तेव्हा त्यांची एकच अट होती: कार्यक्रम पाच मिनिटंही उशिरा सुरू व्हायचा नाही. पाहुणे उशिरा आले, तर यांनी त्यांच्याविनाच शाल घेतली.

आम्ही सगळे म्हणत होतो, आता एकदा तरी तुम्ही बसा. ते टाळायचे. तब्येतीचं सांगायचे, दातांचं सांगायचे. दातांचं खरंच काहीतरी असावं, कारण दर गुरुवारी सकाळी ते संभाजीनगरला दवाखान्यात जायचे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या बहिणीच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं म्हणून मी हैदराबादला गेले होते. परत आले ती एका गुरुवारी, याच विमानानं; ते साडेदहाला हैदराबादहून येतं आणि अकरा दहाला परत फिरतं. सामान घेऊन विमानतळाच्या दारातून बाहेर पडले, तर समोर लोखंडी कठड्याला टेकून कंट्रोलर उभे. तोच पांढरा शर्ट. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. हातात गाठोडं घेतलेली एक म्हातारी त्यांच्यापुढे उभी होती.

"साहेब, वाटूरला जायाची गाडी कवा हाय?"

"साडेअकराला, मावशी. मंठा गाडी. आता भाईर रोडवर जायचं, लिंबाखाली थांबायचं. चला, मीच येतो." त्यांनी तिचं गाठोडं उचललं. दारावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना ओळखीचा हात केला. तेवढ्यात मी त्यांना दिसले. क्षणभर ते चोरी पकडल्यासारखे उभे राहिले.

परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. म्हातारी पुढच्या बाकावर डुलकी घेत होती. मी विचारलं, "दात कसे आहेत?"

"दात बराबर हाइत, बाई." ते खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत बोलू लागले. "खिडकीत बसायचो तवा लोक विचारून विचारून जीव खायचे. रिटायर झालो, वाटलं सुटलो. मंग घरात बायको व्हती, सुमन, ती विचारायची. कवा येता, कवा जेवता. ती गेली. पोरगा पुण्याला, तो फोनवर तब्येत विचारतो. आन् गाडीचं आता सगळ्यांना मोबाईल सांगतो." ते थोडं हसले. "पण हितं उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मोबाईल कळत न्हाई. ते विचारतात."

त्या रस्त्यानं मी वीस वर्षं जाते-येते. कुठला थांबा किती वाजता येतो हे मला झोपेतही सांगता येईल. बदनापूर मागं पडलं, तेव्हा मी त्यांच्याकडे वळले.

"कंट्रोलर, आपण मंठ्याला किती वाजता पोचू हो?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग सावरून बसले, शर्टाची कॉलर सरळ केली आणि सांगू लागले, जालन्याला किती मिनिटं थांबणार, रामनगरला कोण चढतं, वाटूर फाट्यावर कसा उशीर होतो आणि तो पुढं कसा भरून निघतो. अगदी सावकाश, एकही थांबा न गाळता.