व्हर्डीकाकूंची कंबर

व्हर्डीकाकूंच्या कमरेला काहीही झालेलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण बुधवारपर्यंत आख्ख्या टॅलो क्रीक गावात हे मानायला एकही माणूस तयार नव्हता.

झालं असं, की मार्चमध्ये कोणीतरी काकूंच्या मागच्या शेडचं कुलूप तोडलं आणि झाडं कापायची मशीन नेली. मशीन काकूंच्या नवऱ्याची. नवरा जाऊन दीड वर्ष झालेलं आणि मशीन तर त्याच्याही आधी गेलेली, चालतच नव्हती. पण मुलाला, ग्रेडीला, निमित्त मिळालं. तो चार तासांवर लिटल रॉक शहरात राहतो. त्याचं म्हणणं, आईने हे कच्च्या रस्त्याच्या टोकाचं घर विकावं आणि त्याच्या गॅरेजवरच्या खोलीत येऊन राहावं. खोलीला खिडकी होती. खिडकीतून शेजाऱ्याचं गॅरेज दिसायचं.

काकूंनी एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात रोज चारशे पोरं जेवू घातली. त्या काय गॅरेजवर जाऊन बसणार? त्या म्हणाल्या, मी पिस्तूल घेते. ग्रेडी फोनवर आधी हसला. मग काकूंनी तेच पुन्हा सांगितल्यावर हसायचा थांबला. शेवटी सौदा ठरला.

"स्वतःच्या हाताने ओढता येईल, चालवता येईल आणि कपड्यांखाली नीट बाळगता येईल असं पिस्तूल निवड आणि शीक," तो म्हणाला. "एक जूनपर्यंत जमलं तर खोलीचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर मी ट्रक घेऊन येतो."

आमच्याकडे पिस्तूल घ्यायचंय असं नुसतं म्हणून बघा. मुलीसाठी स्थळ बघताय असं सांगितल्यासारखे लोक धावून येतात. पहिला धावून आला काकूंचा धाकटा दीर होइट. सुतारकाम करतो, चर्चच्या कामात पुढे, आणि ज्या विषयातलं कळत नाही त्यात त्याहून पुढे. तो काकूंना रोवेनाच्या बंदुकांच्या दुकानात घेऊन गेला. रोवेना त्या चारशे पोरांतलीच एक, त्यामुळे ती काकूंसमोर अजूनही ताठ उभी राहते.

होइटने सगळ्यात आधी जांभळ्या रंगाचं, मुठीत मावेल एवढं पिल्लू दाखवलं. बायकांसाठी हेच असतं म्हणाला. काकूंच्या बोटांना संधिवात. गोळी चढवायला त्या पिल्लाचा वरचा भाग मागे ओढायचा असतो, तो काही केल्या हलेना. दुकानामागच्या नेमबाजीच्या जागेत रोवेनाने भरून दिलं आणि काकूंनी एक गोळी झाडली, तर खेचराने हातावर लाथ मारावी असा झटका. पिस्तूल जितकं लहान आणि हलकं तितकी त्याची लाथ मोठी, हे रोवेना सांगत होती, पण होइट बोलत असल्यामुळे कोणाला ऐकू आलं नाही.

मग होइट म्हणाला, माझ्यासारखं घ्या. त्याचं म्हणजे पोलादी, लांबलचक, वजनाला वरवंटा. त्याने त्या पिस्तुलाने आजवर फक्त भोपळे मारलेत, पण भोपळे खूप मारलेत.

तेवढ्यात काकूंनी कोपऱ्यातलं एक काळं, मध्यम, कोणीतरी वापरून विकलेलं पिस्तूल उचललं. वरचा भाग मागे ओढला. लोण्यातून सुरी जावी तसा गेला. काकूंचे डोळे चमकले.

"ते नको, वहिनी," होइट म्हणाला. "बँकेतल्या वॉचमनचं वाटतं. ना धड खिशातलं, ना धड धाकातलं."

काकूंनी ते खाली ठेवलं आणि होइटसारखंच घ्यायला हो म्हटलं. गाढवपणा झाला, पण एकतीस वर्षं चारशे पोरांची आवडनिवड सांभाळलेल्या बाईला स्वतःची आवड पुढे करायची सवय राहत नाही.

दोन दिवसांनी त्या एकट्या गेल्या. रोवेनाने निळ्या प्लास्टिकचं खोटं पिस्तूल काढलं. होइटच्या पोलादी पिस्तुलाएवढंच, आत शिसं भरून तेवढंच जड केलेलं. शिकणाऱ्यांना सवय व्हावी म्हणून ती अशी देते. "कपड्यांच्या आत कमरेला हे म्यान लावा आणि आठवडाभर वावरा," ती म्हणाली. "कोणाला सांगायचं नाही आणि कोणाला दिसता कामा नये. होइटकाकांनासुद्धा नाही. नऊ जणांना कळलेलं पिस्तूल लपवून काय उपयोग?"

रविवारी काकू ते लावून चर्चला गेल्या.

दिसलं नाही, हे खरं. पण वरवंटा कमरेत खोचून बाई जशी चालेल तशा त्या चालल्या. उजवा पाय लांब टाकायचा, डावा ओढायचा. बाकावर तिरक्या बसल्या. स्तोत्राला सगळे उठले तेव्हा काकू पुढचा बाक धरून दुसऱ्या कडव्याला उठल्या. पास्टरची बायको लोरीन मागेच होती. तिने बाहेर गाठून विचारलं, कंबर का? देवाच्या दारात खोटं बोलवेना आणि खरं सांगायची बंदी. काकू म्हणाल्या, "जरा सवय व्हायला वेळ लागेल."

झालं. आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेची साखळी आहे. एकीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, आणि सगळ्यांनी आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची. लोरीनने कंबर दुखते एवढाच निरोप सोडला होता. चौथ्या फोनला हाडाला चीर गेली. सातव्याला ऑपरेशन ठरलं. अकराव्या फोनवाल्या बाईने काकूंनाच फोन करून सांगितलं की बिचारी व्हर्डी आता चालायची नाही, तिच्यासाठी प्रार्थना कर. मग आवाज ओळखून रडली.

सोमवारी ट्रे यायला लागले. आमच्याकडे कोणी आजारी पडलं की घरोघरून ओव्हनमध्ये भाजलेला चिकन-भात येतो, काचेच्या ट्रेमधून, तळाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. संध्याकाळपर्यंत नऊ ट्रे आणि केळ्याचं पुडिंग तीन भांडी. पोस्टातली ट्रूडी तिच्या वडिलांचा वॉकर घेऊन आली, पायांना टेनिसचे बॉल लावलेला. काकू नको म्हणाल्या तर तिने तो प्रेमाने त्यांच्या हातात कोंबला. आता हातात वॉकर असताना ताठ चालणार कसं?

मंगळवारी सकाळी होइट लाकडं घेऊन हजर. मदतीला चार माणसं. दुपारपर्यंत त्यांनी घराच्या पायऱ्यांवर चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधली. काकू लिंबू-सरबत द्यायला उठल्या की पाचही जण ओरडायचे, बसा. काकू बसायच्या. एवढं प्रेम, एवढं चिकन, आणि कमरेत निळं प्लास्टिक. आज काढून टाकावं, तर लोक म्हणतील रातोरात बरी झाली. ठेवावं, तर उद्या कोणीतरी खुर्ची आणेल.

खुर्ची नाही आली. बुधवारी ग्रेडी आला, भाड्याचा ट्रक घेऊन.

त्याला कोणीतरी फोन करून सांगितलं होतं की आईला आता कोणीतरी उचलावं लागतं. तो उतरण चढून आत आला. आत पास्टर, लोरीन, ट्रूडी, चौऱ्याऐंशी वर्षांच्या इमोजीनआजी, सगळे पुडिंग खात बसलेले. त्याने वॉकर पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला.

"आई, कपडे भर," तो म्हणाला. "उरलेलं मी नंतर नेतो. तू मला सांगायचं तरी."

काकूंनी खिडकीबाहेर पाहिलं. ट्रक रिकामा होता, दार उघडं होतं. त्यात त्यांचा ओव्हन कुठे बसेल हेही त्यांना दिसलं. मग त्यांनी स्वेटर वर केला, म्यानातून निळं पिस्तूल काढलं आणि टेबलावर पुडिंगशेजारी ठेवलं.

"प्लास्टिक आहे," त्या म्हणाल्या. "कंबर ठणठणीत आहे. मला हे पेलत नाही, एवढंच."

बाहेर होइट उतरणीच्या कठड्याला ड्रिल मारत होता. काकूंना वाटलं, आता नऊच्या नऊ ट्रे परत जाणार.

इमोजीनआजींनी चमचा खाली ठेवला. "एवढं मोठं कोणी दिलं तुला, पोरी? आणि थोडं मागे लाव. तिथे लावून मी महिनाभर लंगडले होते."

लोरीन वळली. "आजी, सत्त्याण्णव साली तुमची कंबर धरली होती. मी दोन ट्रे केले होते."

"छान होते. मीठ जरा कमी होतं."

लोरीन लाल झाली. पण पास्टर आता आजींकडे बघत नव्हता, बायकोकडे बघत होता. मागच्या थंडीत तिचीही पाठ अशीच गेली होती. तो रोज तिच्या पाठीला मलम चोळायचा.

"चोळल्याने बरं मात्र वाटायचं," लोरीन म्हणाली.

ग्रेडी खुर्चीत बसला. कोणीतरी त्याच्या हातात ताटली दिली. तो येऊन तासच झाला होता, तेवढ्यात दारातून अजून सहा माणसं येऊन गेली. या घरात चोर आला तर त्याला आधी रांगेत उभं राहावं लागेल आणि मग जेवून जावं लागेल, असं त्याच्या मनात आलं असावं, कारण तो खाली मान घालून हसत होता. पण सौदा म्हणजे सौदा. इमोजीनआजींनी काकूंचे हात हातात घेतले, बोटं चाचपली आणि एकच विचारलं, या हातांना दुकानात कुठलं आवडलं होतं?

गुरुवारी मायलेक रोवेनाकडे गेले. काकू तडक कोपऱ्यात. काळं, मध्यम, वॉचमनचं. स्वतः ओढलं, स्वतः भरलं. दहा गोळ्या झाडल्या, नऊ कागदाला लागल्या. ग्रेडीने त्याच कागदावर दहा झाडल्या, सहा लागल्या. त्याने काही न बोलता फोन काढला आणि ट्रकवाल्याला कळवलं की रिकामाच परत आणतोय.

अगदी रिकामा नव्हता. पाच ट्रे त्याच्याबरोबर गेले. तळाला नावं होती. आमच्याकडे ट्रे ज्याने रिकामा केला त्यानेच धुऊन घरी नेऊन द्यायचा असतो, त्यामुळे पुढच्या महिन्यात त्याला पाच घरी जायचंय.

पुढच्या रविवारी काकू चर्चमध्ये ताठ चालत आल्या. परवाना यायचा होता, म्हणून नव्या पिस्तुलाच्या मापाचं निळं प्लास्टिक कमरेला होतं, थोडं मागे. कोणाला दिसलं नाही. होइटला तर काहीच माहीत नव्हतं, बुधवारी तो ड्रिल मारत होता. तो उठला, डोळे पुसले आणि सांगितलं की वहिनी एका आठवड्यात बऱ्या झाल्या, प्रार्थनेत केवढी ताकद आहे बघा. पास्टरने छताकडे पाहिलं आणि आमेन म्हटलं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. पोस्टातली ट्रूडी उशिरा आली. उजवा पाय लांब टाकत, डावा ओढत. येऊन बाकावर तिरकी बसली.

काकूंनी एकदा तिच्या कमरेकडे पाहिलं. घरी आल्या, ओव्हन लावला, चिकन-भाताचा ट्रे आत सरकवला. त्याआधी तळाला चिकटपट्टी लावून स्वतःचं नाव लिहिलं.